रोजची कणीक

आळंदीत मृदंग शिकवणारे एक वृद्ध गुरुजी राहत. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून कीर्तन आणि मृदंग शिकायला गावोगावची मुलं आळंदीला येतात. कुणी संस्थेत राहतं, कुणी एखाद्या गुरुजींच्या घरी. असाच एक मुलगा मराठवाड्यातून या गुरुजींकडे आला. वय अठरा-एकोणीस. गावच्या सप्ताहात वाजवून हात तयार झालेला, बोल तोंडपाठ. पण त्याला नुसतं वाजवायला शिकायचं नव्हतं. त्याला साधना करायची होती. देवाचा काही अनुभव यावा ही त्याची ओढ खरी होती, तिच्यात खोट नव्हती.

पहिल्या दिवशी गुरुजींनी त्याच्यापुढे मृदंग ठेवला नाही, पितळेची वाटी ठेवली. म्हणाले, "उद्यापासून कणीक तुझ्याकडे."

मृदंगाच्या उजव्या तोंडाला शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, मात्र दर वेळी गव्हाची ओली कणीक थापावी लागते. तिच्या वजनानं कातडं जड होतं आणि खोल घुमणारा नाद निघतो. कणीक कमी पडली तर आवाज चढतो, जास्त झाली तर बसतो. घट्ट असली तर भजनाच्या भरात सुटून पडते, सैल असली तर पसरते. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. राहिली तर वाळून कडक होते, कातडं ओढून धरते, वासानं उंदीर येतात. पहाटे काकड्याला लावायची, काढायची. संध्याकाळी हरिपाठाला पुन्हा लावायची, पुन्हा काढायची. कालची कणीक आज चालत नाही.

मुलानं काम अंगावर घेतलं, पण ते कधी एकदा उरकतो असं त्याला होई. काकडा आटोपला की तो इंद्रायणीकाठच्या सिद्धबेटावर जाऊन डोळे मिटून बसे. आपली खरी साधना तिथं चालते, असं तो धरून होता. पहाटेचा वेळ वाचावा म्हणून एकदा त्यानं रात्रीच कणीक मळून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. दिवस उन्हाळ्याचे. सकाळी ती आंबून चिकट झाली होती. काकड्यात तिसऱ्या अभंगालाच नाद बसला. गुरुजी तसेच वाजवत राहिले. घरी आल्यावर त्यांनी ती कणीक त्याच्या हातावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "वास घेऊन बघ."

घरात गुरुजींच्या पत्नीची, माईंची, परात असे. माई पहाटे त्याच परातीत पोळ्यांचं पीठ घेत. त्यात मीठ-तेल पडायच्या आधी एक मूठ पीठ मृदंगासाठी बाजूला काढत आणि मग आपलं मळायला बसत. मुलगा शेजारी बसून आपली मूठ मळे. माई पाणी बोटांवरून निथळू देत, पीठ गोळा होऊ लागलं की तळहाताच्या टाचेनं दाबत, परातीच्या कडेला चिकटलेला कण न् कण त्याच गोळ्यानं टिपून घेत. परात अशी निघे की पुसायला काही उरत नसे. हे त्या कुणाला दाखवायला करत नव्हत्या. त्या वेळी आळंदी अजून जागीही झालेली नसे.

एक दिवस त्यानं विचारलं, "माई, रोज तेच ते. तुम्हाला कंटाळा येत नाही?"

"येतो की रे," माई म्हणाल्या. "कंटाळा आला म्हणून भुका थांबतात होय? त्याच्यासकट पीठ परातीत घ्यायचं. मळता मळता तो जातो कुठंतरी. नाही गेला तर बसू दे बाजूला. विठ्ठल काय, कंटाळलेल्याच्याही घरी येतो."

मुलाला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. सहा महिने झाले तेव्हा तो गुरुजींपुढे जाऊन उभा राहिला.

"गुरुजी, साधना कधी सुरू करायची?"

"कणीक मळताना मन कुठं असतं तुझं?"

मुलगा प्रामाणिक होता. "सिद्धबेटावर. कधी एकदा जाऊन बसतो असं होतं."

"आणि तिथं जाऊन बसलास की?"

तो थोडा थांबला. "तिथं संध्याकाळची कणीक आठवते."

"म्हणजे हात एकीकडं, तू दुसरीकडं," गुरुजी म्हणाले. "पांडुरंगानं भेटायचं म्हटलं तर तुला गाठायचं कुठं?"

मुलाला हे बोलणं लागलं. त्या दिवसापासून तो कणीक मळताना नाम घेऊ लागला. पाणी घालताना पाण्याकडं पाहायचं, मळताना पिठाकडं. हळूहळू धुमेवर कणीक नेमकी बसू लागली. मधोमध जाड, कडेला पातळ, थाप मारली की नाद पेटीच्या सुराला जाऊन मिळे. आपल्याला साधलं, असं त्याच्या मनानं घेतलं.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघाली. गुरुजींच्या दिंडीबरोबर तोही निघाला. पुणे झालं, दिवे घाट भुरभुर पावसात चढून झाला, सासवड, जेजुरी मागं पडलं. पावसानं कातडं सैल पडे, कणीक धरत नसे. दिंडी चालत असतानाच ती पुसून नवी लावावी लागे. तो न चिडता लावत होता.

वाल्ह्याच्या मुक्कामी गुरुजींना ताप भरला. रात्रीच्या कीर्तनाला मृदंग त्याच्याकडं आला. राहुटी माणसांनी भरली होती. त्यानं मन लावून कणीक मळली, नाम घेत धुमेला लावली, आणि असा वाजवला की कीर्तनकारांनी वळून हात जोडले. कीर्तन संपल्यावर माणसं त्याच्या पाया पडली. "माउली, काय हात आहे!" वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, हे त्याला ठाऊक होतं. तरीही त्या रात्री तो तरंगत होता. मृदंगाला गवसणी घातली आणि उशाशी घेऊन झोपला.

पहाटे गवसणी काढली तर धुमेवरची कणीक वाळून कडक झालेली. तिला भेगा पडल्या होत्या. गवसणीला भोक पाडून उंदरानं कडेचं कातडंही कुरतडलं होतं.

बाहेर राहुट्या उतरत होत्या, ट्रकमध्ये सामान चढत होतं. गुरुजींचा ताप उतरला होता. ते घोंगडी पांघरून जवळ येऊन बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "फडकं ओलं करून आण."

ओलं फडकं कणकेवर ठेवून दोघं बसले. घाई करून चालणार नव्हतं. ओरबाडून काढायला गेलं तर कातडंच फाटलं असतं. वरचा थर मऊ झाला की मुलगा तो बोटाच्या पेरानं सोडवी आणि फडकं पुन्हा ठेवी. नख लागू द्यायचं नाही, पाणी जास्त मुरू द्यायचं नाही.

"काल चांगलं वाजवलंस," गुरुजी म्हणाले. "मी पडल्या पडल्या ऐकत होतो. वाजवताना देव आठवला?"

"आठवला."

"कणीक लावताना?"

"तेव्हाही. नाम चालू होतं."

"मग खरवडायच्या वेळेला तो कुठं गेला?"

मुलाला उत्तर सुचेना. कणकेचा एक तुकडा सुटून त्याच्या तळहातावर आला.

गुरुजी सावकाश बोलू लागले. "लावताना पुढं काहीतरी व्हायचं असतं. टाळ वाजणार असतात, माणसं येणार असतात. तेव्हा मन आपोआप लागतं, त्यात आपली कमाई थोडी. खरवडताना पुढं काही नसतं आणि बघायलाही कुणी नसतं. तिथं जे नाम येईल ते तुझं स्वतःचं. अरणच्या मळ्यात सावतोबांनी भाजी पिकवली, लोकांनी खाल्ली, संपली. तेरला गोरोबाकाकांनी मडकी घडवली, ती फुटून गेली. जनाईनं नामदेवांच्या घरी दळलेलं पीठ त्याच दिवशी सरलं आणि सकाळी जातं पुन्हा वाट बघत होतं. मिरवायला हाती काही उरत नाही, अशीच कामं होती त्यांची. म्हणून तर त्या कामात विठ्ठलाला बसायला जागा होती. काल तुझ्या वाजवण्यात तूच एवढा भरला होतास की त्याला जागा राहिली नाही."

मुलाचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. शेवटचा कण निघेपर्यंत तो नाम घेत राहिला. मोठ्यानं म्हणावं असं त्याला वाटलं नाही. त्या दिवशी दुसऱ्या दिंडीतून मृदंग मागून आणावा लागला, आणि पुढं कुरतडलेल्या मृदंगाची धूमही बदलावी लागली.

पुढं चार वर्षं तो आळंदीत राहिला. फडांमध्ये त्याचं नाव होऊ लागलं होतं, तोच गावाहून निरोप आला. वडिलांना पक्षाघात झाला होता. तो घरी गेला आणि घरीच राहिला. सकाळी वडिलांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, धोतर बदलायचं, पेज भरवायची, गुरांचं शेण काढायचं, मग शेत. पुसलेलं अंग दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसायचं, काढलेल्या शेणाच्या जागी पुन्हा शेण. संध्याकाळी तो देवळात हरिपाठाला मृदंग घेई आणि सगळे गेल्यावर धूम साफ करून घरी येई.

गावातल्या एका जाणत्या माणसानं हळहळून विचारलं, "आळंदी सुटली, तशी साधनाही सुटलीच म्हणायची?"

तो म्हणाला, "आळंदीत नुसती शिकलो होतो, काका. करायला इथं मिळाली."

आपल्यातले बहुतेक जण देवासाठी वेगळा वेळ शोधत असतात. मुलं मोठी झाली की, निवृत्ती झाली की, एखादं शिबिर केलं की, असं म्हणत वर्षं जातात. वेगळा वेळ मिळाला तर चांगलंच आहे. सिद्धबेटावर जरूर बसावं. पण घासलेली भांडी रात्री पुन्हा खरकटी होणार, झाडलेल्या अंगणात पुन्हा पानं पडणार, आईच्या गोळ्या उद्याही वेळेवर द्याव्या लागणार. ही कामं साधनेच्या आड येत नाहीत. त्यांत कौतुक नाही, ती कधी पुरी होत नाहीत, आणि म्हणून त्यांत अहंकाराला पाय रोवता येत नाही. हेच त्यांचं देणं आहे.

सुरुवात करायची तर कामाच्या शेवटच्या टोकापासून करावी. स्वयंपाकापेक्षा नंतरच्या ओट्यापाशी, पूजेपेक्षा निर्माल्य काढताना, पाहुण्यांच्या स्वागतापेक्षा ते गेल्यावर सतरंजी घडी करताना. जिथं कुणी बघत नाही आणि पुढं काही व्हायचं नाही, तिथं हात आणि मन एका जागी ठेवावं. एवढं ज्याला रोज जमलं, त्याला साधना कधी सुरू करायची हे कुणाला विचारावं लागत नाही.