वेताळाची अट

मालिकेचा नवा भाग हातात पडला की जुना वाचक आधी काय बघतो? गोष्ट रंगली का, हे नंतर. आधी तो बघतो, मागे ठरलेलं पाळलंय का. अद्भुतकथेत तर हे फारच. तिथे पुतळे बोलतात, माणसं उडतात, मेलेले उठून बसतात आणि आपण ते बिनतक्रार मानतो, कारण त्या जगाचे कायदे पहिल्याच भागात आपल्याला सांगितलेले असतात. त्यांच्या भरवशावर आपण पुढे निघालेलो असतो. सातव्या-आठव्या भागात लेखकाने ते सोयीसाठी मोडले की जुना वाचक भडकतो, आणि लोक त्याला किरकिऱ्या म्हणतात. मला या किरकिऱ्याची बाजू घ्यायची आहे.

सत्तरच्या दशकात आमच्या फणसवाडीत ‘चांदोबा’चा एकच अंक मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत फिरायचा. ज्याच्या हाती तो आधी पडेल त्याने पुढचं फोडायचं नाही, असा गॅलरीतल्या पोरांचा कडक नियम होता. हे मासिक निघायचं मद्रासहून. 1947 साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, 1952 पासून मराठीत यायला लागलं. त्यातली मांत्रिकांची आणि राक्षसांची धारावाहिक कादंबरी महिन्याला मोजकी पानं पुढे सरकायची आणि नेमकी नको तिथे तुटायची. चित्रं ‘चित्रा’ नावाच्या चित्रकाराची. टोकदार नाकाचा, खोल डोळ्यांचा मांत्रिक, मागे दगडी खांबांचं पडकं देऊळ. त्या देवळाची धाटणी दक्षिणेची. आमच्या वाडीतलं व्यंकटेशाचं देऊळही त्याच वळणाचं, त्यामुळे ही गोष्ट आपल्या गल्लीच्या टोकाला घडते आहे, असंच आम्ही धरून चालायचो.

मग महिनाभर वाद. नायक कड्यावरून सुटणार कसा? कोणी म्हणायचं गरुड येईल. लगेच दुसरा सांगायचा, छे, गरुड दिवसा उडत नाही, मागे लिहिलंय. बस्स, गरुड बाद. कोणी कितीही मोठ्याने ओरडलं तरी मागे लिहिलेल्यापुढे कोणाचं चालत नसे.

या कादंबऱ्यांवर लेखकाचं नाव नसायचं. त्या लिहिणाऱ्या माणसाचं नाव दासरी सुब्रह्मण्यम, हे मला फार उशिरा समजलं. 1952 साली ते ‘चांदोबा’च्या संपादक मंडळात आले, 1954 पासून जवळपास पाव शतक एकामागून एक अशा अद्भुत कादंबऱ्या तेलुगूत लिहीत राहिले आणि तिथून त्या इतर भाषांत गेल्या. लाखो पोरांना महिना महिना टांगून ठेवणारा हा माणूस 2010 साली गेला. त्या काळी नाव माहीत नसल्यामुळे आमचं भांडण थेट गोष्टीशी व्हायचं. अमुक लेखक थोर म्हणून त्याला चूक माफ, हा प्रकारच नव्हता.

त्याच अंकात विक्रम आणि वेताळ असायचे. अट आपल्या सगळ्यांना पाठ आहे: उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि तोंड उघडलंस तर प्रेत पुन्हा झाडावर. मूळ वेताळपंचविशीत पंचवीसच कथा. शेवटच्या कोड्यापुढे राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो आणि फेरा संपतो. ‘चांदोबा’ने पंचविसांवर न थांबता वर्षानुवर्षं शेकडो नव्या कथा रचल्या. कथा नवी, पण अट तीच. शंकर नावाच्या चित्रकाराने काढलेला तो खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला राजा दर महिन्याला चालत राहिला. आम्हाला दर खेपेला वाटायचं, आता तरी गप्प बस रे बाबा. तो बोलायचा. बोलायलाच हवं होतं त्याला, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. एखाद्या महिन्यात संपादकांनी त्याला फुकटात सोडवलं असतं, तर पुढचा अंक कोणी उघडला असता?

माझी मुलगी हॅरी पॉटरबरोबर वाढली. 2016 साली ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ या नाटकाची संहिता पुस्तकरूपाने आली, तेव्हा ती नोकरीला लागलेली होती. रात्री वाचत बसली, आणि मध्येच पुस्तक घेऊन माझ्यापाशी आली. “बाबा, ही सगळी फुटली होती ना!” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती टाइम-टर्नरबद्दल बोलत होती. पाचव्या पुस्तकात, म्हणजे 2003 साली, जादूच्या मंत्रालयातली लढाई होते आणि काळात मागे नेणाऱ्या त्या यंत्रांचं कपाटच्या कपाट कोसळतं. सहाव्या पुस्तकात तो सगळा साठा नष्ट झाल्याचं सांगितलंय. त्याआधी त्या यंत्रांनी काही तासच मागे जाता यायचं. आणि आता एक नवं यंत्र निघतं, माणसाला कित्येक वर्षं मागे नेतं आणि झालेलं बदलून टाकतं. आधीच्या पुस्तकात हॅरीच्या शाळेतला सेड्रिक मेला तेव्हा ही पोर दोन दिवस नीट जेवली नव्हती. मरण परतवता येत असेल, तर त्या दोन दिवसांचं काय करायचं? तिच्या रागाचं मूळ तिथे होतं, आणि मला तो राग अगदी रास्त वाटला.

आपला अंदाज खरा ठरावा, आवडता नायक गादीवर बसावा, असा हट्ट धरणारे वाचक असतात. त्यांची मी बाजू घेत नाही. लेखकाने खुशाल चकवावं, रडवावं, लाडक्या पात्राला मारावं. पण स्वतः घातलेल्या अटी पाळून. गंमत त्यातच आहे.

आता माझ्या मुलीचं वाट बघणं चालू आहे ते जॉर्ज मार्टिनच्या कादंबरीमालिकेसाठी. पाचवं पुस्तक जुलै 2011 मध्ये आलं, सहावं अजून नाही. पाचव्याच्या अखेरीस जॉन स्नोला त्याच्याच माणसांनी भोसकलंय. तो उठणार, असं जवळपास सगळेच वाचक धरून आहेत. तिचीही हरकत नाही. पण तिसऱ्या पुस्तकात बेरिक डोंडारियन पुन्हा पुन्हा मरून उठतो, आणि दर वेळी त्याचं काहीतरी हरवतं. आपलं घर, ठरलेली बायको, सगळं पुसट होत जातं. परवा जेवताना ती सांगत होती, “उठू दे की जॉन. पण उठल्यावर त्याला बहीण आर्या आठवायला नको, निदान थोडी तरी पुसली गेलेली हवी. नाहीतर मी ते पुस्तक तिथेच मिटेन.”