राज्य कोणते घ्यावे?

गेल्या दिवाळीत काटोलच्या आमच्या घरी सगळे जमले होते. फराळ झाला, फटाके संपले आणि माझा नातू आपल्या बापाच्या जुन्या संगणकापुढे जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याने हाक मारली, ‘‘आबाजी, राजेशाही घेऊ का लोकशाही?’’

चकली घेऊ का शंकरपाळे, इतक्या सहजपणे त्याने हे विचारले. ज्या प्रश्नापायी जगात रक्ताचे पाट वाहिले, तो एका बोटाने सुटताना पाहावा म्हणून मी चष्मा पुसून त्याच्या शेजारी बसलो.

खेळाचे नाव ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर नावाच्या गृहस्थांचा हा खेळ 1991 साली निघाला. बुद्धिबळासारखा तो पाळीपाळीने खेळायचा. इसवी सनापूर्वी 4000 वर्षांपासून आरंभ होतो. गावे वसवायची, जमीन कसायची, नवनव्या विद्या मिळवायच्या. सुरुवातीला राज्य एकतंत्री असते. विद्या वाढतील तशी राजेशाही, प्रजासत्ताक, साम्यवाद, लोकशाही अशी दारे उघडत जातात. प्रत्येकाचे गुणदोष ठरलेले. एकतंत्रात चांगल्या जमिनीचेही उत्पन्न घटते. लोकशाहीत भ्रष्टाचार नाही, व्यापार वाढतो. पण सैन्य बाहेर धाडले की नगरे कुरकुरू लागतात. आणि राज्यपद्धती बदलायची, तर मध्ये काही पाळ्या अराजक सोसावे लागते.

ती यादी पाहून मला वाटले, आपल्या काटोलनेही यातले बरेच काही पाहिले आहे. इथे नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघूजी 1853 साली निपुत्रिक वारले आणि 1854 साली कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. 1858 साली कंपनी जाऊन राणीचा अंमल आला. 1861 साली मध्य प्रांत झाला. 1950 साली प्रजासत्ताक आले. पुढे 1956 साली आपण मुंबई राज्यात गेलो आणि 1960 साली महाराष्ट्रात आलो. यांतल्या जुन्या उलथापालथींच्या वेळी काटोलच्या शेतकऱ्याला कोणी विचारले होते? तो सकाळी उठला, तेव्हा राज्य बदललेले होते, एवढेच. आपला राज्यकर्ता निवडण्याचा हक्क प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाच्या हाती आला तो 1951-52 च्या निवडणुकीत.

मी नातवाला म्हटले, ‘‘लोकशाही घे.’’

‘‘आता घेतो,’’ तो म्हणाला, ‘‘पण लढाई आली की बदलून टाकीन.’’

मला हसू आले, पण ते टिकले नाही. हेच वाक्य मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. सुकाळात लोकशाही ठीक. अडचणीच्या दिवसांत एक खंबीर माणूस हवा, असे ते म्हणतात. खेळात या बोलण्याला अर्थ आहे, कारण तिथे राज्यपद्धती हे एक अवजार आहे. पेरणीला तिफण, खणायला कुदळ. पण नातू कोणतीही पद्धत घेवो, खुर्चीवर तोच! सहा हजार वर्षांत त्याला एकदाही निवडणूक हरावी लागत नाही. त्याची लोकशाही म्हणजे राजाने ऋतू पाहून चढवलेला एक अंगरखा. लोकांना अधिकार दिले असे नुसते म्हणायचे. ते परत काढून घेणारे बोट मात्र आपलेच ठेवायचे.

मग खरी निवड कोणती? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची मला आठवण झाली. सूर्यनमस्कारांमुळे त्यांचे नाव घरोघर माहीत आहे. त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने 1939 साली आपल्या छोट्या संस्थानाला नवी राज्यघटना दिली आणि कारभार गावच्या पंचायतींपासून वर बांधत नेला. त्याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत निघाली. तिथे कैद्यांना भिंतींवाचून ठेवले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा 1957 चा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. राजाने खेळातली पद्धत बदलली नाही. तो खेळणाऱ्याच्या जागेवरून उठला. मला फरक दिसतो तो इथे.

हे विचार मनात घोळत असताना नातू म्हणाला, ‘‘आबाजी, काल तुम्ही बागेचं सगळ्यांना विचारलं. मग केलं तर तुमच्याच मनासारखं. मग विचारलं कशाला?’’

मी गप्प झालो. आमची संत्र्याची बाग जुनी आहे. काही झाडांना डिंक्या लागला आहे. ती काढून मोसंबी लावावी, असे मुलाचे आणि सुनेचे मत. आदल्या दिवशी मी सगळ्यांना बसवून एकेकाचे मत घेतले, मान डोलावली आणि शेवटी ‘‘यंदा राहू द्या’’ म्हणून उठलो. घरात लोकशाही आहे, असे मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. बोट मात्र माझेच होते.

लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते. त्या रात्री बागेच्या वहीवर ‘श्री’ मी काढला नाही. सुनेच्या हाती वही दिली. ‘‘यापुढे हिशेब तुमचा आणि निर्णयही तुमचा,’’ एवढेच म्हणालो. म्हणताना घसा दाटला, हे लपवत नाही.

पुढे चाळीस झाडे निघाली. त्यांतली दहा तरी वाचली असती, असे मला अजून वाटते. मोसंबीला फळ धरायला चार-पाच वर्षे जातील. कोण बरोबर ते तेव्हा कळेल. कदाचित मीच बरोबर ठरेन. पण आपण बरोबर असू शकतो, एवढ्यासाठी वही परत मागायची नाही, हे मी स्वतःशी ठरवले आहे. सोपे नाही. रोज सकाळी बागेत गेलो की बोट शिवशिवते. मग मी ते मुठीत धरतो आणि रोपांना पाणी मिळाले का, तेवढे पाहून परत येतो.