भिंती नसलेले घर



जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारी ख्रिस्तसभा आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन पाळते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली तो सुरू केला. त्यानिमित्ताने आपण न्यूझीलंडमधील पॅसिफिक बेटांच्या लोकांकडे पाहू या.

१९५० नंतरच्या काळात सामोआ, टोंगा, कुक बेटे येथून हजारो माणसे तेथील कारखान्यांत राबायला गेली. १९७०च्या दशकात मंदी आली, तेव्हा व्हिसाची मुदत संपलेल्यांना शोधण्यासाठी पोलीस पहाटे याच लोकांच्या घरांत शिरू लागले. त्याबद्दल पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी १ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडमध्ये, सामोअन रीतीप्रमाणे अंगावर चटई पांघरून घेऊन, जाहीर क्षमा मागितली.

त्या काळची तरुण माणसे आज वृद्ध झाली आहेत. ज्यांनी दारावरच्या थापेची धास्ती घेतली, ते परक्या माणसाला दार कसे उघडतील? म्हणून त्यांच्याच समाजातील माणसे त्यांच्या भाषेत बोलत, त्यांच्या चालीरीती सांभाळत त्यांच्यापर्यंत मदत नेतात. अशा एका संस्थेचे नाव आहे ‘वाका ताउतुआ’. वाका म्हणजे होडी, ताउतुआ म्हणजे सेवा. होडी एकट्याने वल्हवायची नसते!

फुइमाओनो कार्ल पुलोतू-एंडेमान यांनी माणसाच्या आरोग्याला सामोअन घराची उपमा दिली. त्यात कुटुंब हा पाया, संस्कृती हे छप्पर, आणि शरीर, मन, आत्मा हे खांब. पारंपरिक सामोअन घराला पक्क्या भिंती नसतात. शेजारच्या घरातील दुःख तेथे सहसा लपून राहत नाही.

आपल्या भिंती मात्र पक्क्या आहेत. “आईवडिलांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्य” असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. चौथी आज्ञा तेच सांगते. पण एवढे बोलून आपण मोकळे होतो. आम्ही धर्मगुरूही त्यातलेच. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्याला कम्युनियन देतो, पाच मिनिटांत पुढच्या घरी जातो. रात्रभर उशाशी जागलेल्या सुनेला “बाई, तू झोपलीस कधी?” असे आम्ही किती वेळा विचारले?

क्रुसावरून प्रभूने आपली माता प्रिय शिष्याच्या हाती सोपवली. शिष्याने तिला आपल्या घरी नेले. त्या क्षणी सांभाळाचा भार रक्ताच्या नात्यापलीकडे गेला. ख्रिस्तसभा हे असेच कुटुंब आहे.

या आठवड्यात आपल्या आळीतील एका वृद्धाजवळ एक दुपार बसू या. त्यांच्याच बोलीत गप्पा मारू, सोबत रोझरी म्हणू. तेवढ्यात घरातील थकल्या जिवाला निवांत झोप मिळेल. तीही प्रार्थनाच होय.

पवित्र माते मरिये, आमच्या घरांच्या भिंती थोड्या ठेंगण्या कर. आमेन.