विकणाऱ्याची गोष्ट आणि घेणाऱ्याचें मौन

चोरानें घर फोडलें तर शेजारी समाचाराला येतात; परंतु पितळ सोनें म्हणून घेतलें असें कळलें, म्हणजे तेच शेजारी आपला समाचार घेतात. ह्या दोन प्रकारच्या हानींत लोक जो भेद करितात तो निव्वळ निर्दयपणाचा नसून त्यांत कांहीं तथ्य असावें, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. तसें वाटण्यास जें कारण घडलें तें वाचकांपुढें मांडतांना थोडा संकोच होतो. तथापि तें मांडल्यावांचून विषयाला हात घालतां येत नाहीं.

आमचा भाचा गिटार वाजवितो. जुनें, मुरलेलें लांकूड नव्यापेक्षां अधिक मोकळें बोलतें, अशी ह्या वाद्याच्या भक्तांची श्रद्धा आहे, व ती त्याचीही आहे. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें बातमी आणिली कीं, बिरसीस एका वृद्ध गृहस्थांकडे फार जुनी गिटार विकाऊ आहे. बिरसी हें गांव गोंदियापासून जवळच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० च्या सुमारास, इंग्रज सरकारनें तेथें विमानांसाठीं धांवपट्टी बांधली. त्या वेळीं गोंदिया हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो भंडारा जिल्ह्यांतून १९९९ सालीं वेगळा निघाला. आज त्याच जागीं गोंदियाचा विमानतळ आहे. गिटारीची कथा ह्या धांवपट्टीशीं जोडलेली होती. युद्ध संपून पलटण परत निघाली तेव्हां एका गोऱ्या शिपायानें आपलें वाद्य ह्या गृहस्थांच्या वडिलांस देऊन टाकिलें, व तेव्हांपासून तें माळ्यावर पडून आहे, असें ते सांगत. किंमत ४०,००० रुपये.

आम्ही ह्या वाद्याचे जाणते नव्हों. परंतु जी गोष्ट आपणांस येत नाहीं तिच्यावरील ग्रंथ वाचण्याची खोड अध्यापकास असतेच. अमेरिकेंत मार्टिन नांवाचें घराणें १८३३ पासून गिटारी बनवीत आलें आहे, व त्याच्या महायुद्धापूर्वींच्या गिटारींस आज लाखों रुपये पडतात, एवढें आम्हीं वाचून ठेविलें होतें. बिरसीस गेलों, वाद्य पाहिलें. शिरावरील नांव घासून गेलेलें, पोटांतील कागदावर धुळीचा थर, तारा गंजलेल्या. शिपाई अमेरिकन असेल काय, असें आम्हीं सहज म्हणून विचारिलें. "असेल, साहेब," असें उत्तर आलें. तेवढ्यावर आमच्या मनानें ती गिटार मार्टिनची ठरवून टाकिली!

मग आम्हीं काय केलें? भाच्यास बाजूला घेऊन बजाविलें कीं, तोंडावर आनंद दिसूं देऊं नकोस. तारा गंजल्या आहेत, पाठीला चीर आहे, असे दोष मोठ्यानें मोजले, आणि २५,००० रुपये देऊं केले. जी वस्तु आमच्या हिशेबानें लाखांची होती, तिच्यासाठीं आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशीं पंधरा हजारांची घासाघीस करीत होतों, आणि हें व्यवहारचातुर्य आहे असें समजत होतों. सौदा दुसऱ्या दिवसावर गेला.

दुसऱ्या दिवशीं भाच्यानें मऊ कुंचल्यानें आंतील धूळ झाडून विजेरीचा उजेड टाकिला. कागदावर कलकत्त्याचा पत्ता होता, आणि पत्त्याच्या शेवटीं सातानें आरंभ होणारा सहा अंकी पिन कोड. टपाल खात्यानें पिन कोडाची पद्धति सुरू केली ती १५ ऑगस्ट १९७२ रोजीं. महायुद्ध १९४५ सालीं संपलें. तें संपतांच मायदेशीं परतलेल्या शिपायास सत्तावीस वर्षांनंतरचा पत्ता ठाऊक असणें शक्य नव्हतें. आम्हांस संताप आला. "काकाजी, ही सरळ फसवणूक आहे," असें आम्ही बोलून गेलों. ते चिडले नाहींत. वडिलांकडून ऐकलें तेंच आपण सांगितलें, असें म्हणून त्यांनीं शांतपणें विचारिलें, "काल तुम्हांला ही कितीची वाटली होती, साहेब?"

ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं होतें. पण तें उच्चारण्याजोगें नव्हतें. ते गृहस्थ खरें बोलत होते कीं खोटें, हें आम्हांस आजही ठाऊक नाहीं. आम्ही स्वतः मात्र आदल्या दिवशीं काय करीत होतों, हें पुरतें ठाऊक आहे.

सिसेरो ह्या रोमन पंडितानें इ. स. पूर्वीं ४४ सालीं लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत एक मार्मिक हकीकत दिली आहे. कॅनियस नांवाचा एक रोमन सरदार सिराक्यूज शहरीं विश्रांतीसाठीं गेला असतां त्यास तेथें एखादी बाग घेण्याची इच्छा झाली. पिथियस नांवाच्या सावकारास हें कळतांच त्यानें त्यास आपल्या बागेंत जेवावयास बोलाविलें, आणि कोळ्यांना आंतून सांगून ठेविलें कीं, त्या दिवशीं होड्या घेऊन बागेसमोरच मासे धरा. पाहुणा येतो तों समोर होड्यांची गर्दी आणि पायांशीं माशांच्या राशी! गांवाचे सारे मासे येथेंच मिळतात, असें यजमानानें सांगितलें. पाहुण्यानें आग्रह करकरून, मागितलेल्या किमतीस ती बाग घेतली. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों एकही होडी नाहीं. आज कोळ्यांचा सण आहे काय, असें शेजाऱ्यास विचारितां, येथें कोणी मासे धरीतच नाहीं, कालचा प्रकार पाहून आपणच चकित झालों होतों, असें उत्तर मिळालें.

ह्या हकीकतींत आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, पिथियसानें ग्राहकास हवें होतें तेंच दाखविलें. फसविणारा नवी इच्छा निर्माण करीत नाहीं. असलेली इच्छा ओळखतो आणि तिला एक गोष्ट पुरवितो. बिरसीची धांवपट्टी खरी, महायुद्ध खरें, परदेशी शिपायांचें येणेंजाणें संभवनीय. एवढ्या सत्याच्या चौकटींत एक असत्य बसविलें कीं तें सत्यासारखेंच दिसतें. आणि शिपाई अमेरिकन, हा भाग तर विकणाऱ्यानें सांगितलाच नव्हता. तो आम्हींच त्याच्या तोंडीं घातला होता.

ह्यावरून पहिला व्यावहारिक धडा असा निघतो कीं, जुनी वस्तु घेतांना गोष्ट ऐकावी, पण वस्तु वाचावी. मिरजेस तंबोरा घ्यावयास गेलें तर हा प्रश्न फारसा उद्भवत नाहीं. तेथील शिकलगार घराणीं एकेकाळीं हत्यारांना धार लावीत. पुढें एकोणिसाव्या शतकांत तीं वाद्यांकडे वळलीं, आणि २०२४ सालीं तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. तेथें बनविणारा समोर बसलेला असतो. जवारी आपल्या देखत लागते. जुन्या वस्तूच्या बाबतींत कारागीर हजर नसतो. त्याच्या वतीनें विकणारा बोलतो. म्हणून साक्ष घ्यावयाची ती वस्तूचीच. मार्टिनच्या गिटारींवर १८९८ पासून अनुक्रमांक असतो, व कोणत्या सालीं कोणत्या अंकापर्यंत गिटारी झाल्या ह्याची यादी कोणासही पाहतां येते. त्याच कारखान्यानें १९६९ च्या सुमारास ब्राझीलच्या शिसवीऐवजीं भारतांतील शिसवी वापरण्यास आरंभ केला, आणि मानेंतील फिरवितां येणारी लोखंडी सळई तर १९८५ सालीं घातली. तेव्हां १९४० ची म्हणून दाखविलेल्या मार्टिनमध्यें ती सळई निघाली, तर पुढील भाषणाची गरज राहत नाहीं. विजेवर वाजणाऱ्या अमेरिकन गिटारींत आवाज कमीजास्त करण्याच्या भागाच्या पाठीवर पुष्कळदां जे अंक छापलेले असतात, त्यांत तो भाग कोणत्या कारखान्यानें कोणत्या वर्षीं व आठवड्यांत केला हें दडलेलें असतें. मात्र भाग बदलतां येतात आणि कागद नवा चिकटवितां येतो. म्हणून एका खुणेवर भिस्त न ठेवितां सगळ्या खुणा एकमेकींशीं जुळतात कीं नाहीं, हें पाहणें बरें. स्वतःस कळत नसेल तर जाणत्यास दोन पैसे देऊन दाखवावें. आणि दुसरा ग्राहक येऊन बसला आहे असें सांगून जो विचारास एक रात्रही देत नाहीं, त्याच्या घरून उठावें.

परंतु केवळ डोळे उघडे ठेविल्यानें प्रश्न मिटतो काय? कायदा ह्या बाबतींत काय म्हणतो तें पाहण्यासारखें आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें नुसतें मौन हें सामान्यतः कपट ठरत नाहीं. त्याखालीं दिलेलीं उदाहरणें घोड्याचीं आहेत. लिलांवांत रोगट घोडा विकणारा कांहींच बोलला नाहीं, तर तें कपट नव्हे. पण घेणारी त्याचीच, नुकती वयांत आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेंच सांगणें हें त्याचें कर्तव्य होतें. आणि घेणाऱ्यानें 'तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी धरून चालेन' असें बजाविलें असतां विकणारा गप्प राहिला, तर तें मौन बोलण्यासारखेंच आहे. ग्राहकास ह्याहून उपयोगी सल्ला आम्हांस माहीत नाहीं. मनांतील समजूत उघड सांगावी, शक्य तर लिहून द्यावी, आणि मग गप्प बसण्याची पाळी विकणाऱ्यावर आणावी. आम्हीं मात्र नेमकें उलट केलें. आमची समजूत आम्हीं लपविली. कारण ती सांगितली असती तर किंमत वाढली असती. तेव्हां ज्या प्रश्नानें आमचें रक्षण झालें असतें, तो विचारण्यास आम्हांस आमच्याच लोभानें मनाई केली. फसव्या विक्रेत्यापासून बचाव करणारें पहिलें शस्त्र लोभी ग्राहक आपल्या हातानें टाकून देतो, तें असें.

येथें कोणी म्हणेल, ज्ञानाला कांहीं मोल आहे कीं नाहीं? ज्यानें वर्षानुवर्षें अभ्यास करून वस्तूची पारख संपादन केली, त्यानें प्रत्येक वेळीं विकणाऱ्याचीही शिकवणी घ्यावी काय? आक्षेप पोकळ नाहीं. गांवोगांव हिंडून जुनीं वाद्यें शोधणारा, दहांपैकीं आठ निकामी निघतील हा धोका पत्करणारा व्यापारी नफ्याचा हक्कदार आहे. आणि दोघेही व्यापारी असतील, तर भावांतील फेरफाराची खाजगी बातमी सांगण्याचें बंधन कायदाही घालीत नाहीं. पण कायदा जसा व्यापारी आणि मुलगी ह्यांत भेद करितो, तसा आपणही करावयास नको काय? आमच्या झाडीपट्टींत नाटकांच्या मांडवांतून ऑर्गन आणि पेटी वाजविण्यांत ज्यांचीं आयुष्यें गेलीं, अशा कलावंतांचीं वाद्यें त्यांच्या मागें घरांतील माणसें विकावयास काढतात. तीं बहुधा दवाखान्याच्या नाहींतर लग्नाच्या खर्चासाठीं निघालेलीं असतात. विकणारास त्यांतलें कांहीं कळत नाहीं. अशा घरीं जाऊन जो आपल्या पारखेचा मोबदला घेतो त्याची गोष्ट वेगळी, आणि जो अमोल वस्तूला तोंडानें टाकाऊ म्हणतो त्याची वेगळी. पहिला आपलें ज्ञान विकतो. दुसरा समोरच्याचें अज्ञान विकत घेतो. रोगट घोडा निरोगी आहे म्हणणारा आणि निरोगी घोडा रोगट आहे म्हणणारा, ह्यांत दोरीचें टोंक कोणाच्या हातीं आहे एवढाच फरक!

सिसेरोनेंच ह्याच ग्रंथांत स्केव्होला नांवाच्या एका ग्राहकाची आठवण दिली आहे. एक शेत घेतांना त्यानें एकच किंमत सांगावयास लाविली. ती ऐकून, शेत ह्याहून अधिक मोलाचें आहे असें म्हणून त्यानें एक लक्ष नाणीं अधिक दिलीं. त्यावर सिसेरो म्हणतो, हें सज्जनाचें काम ह्याविषयीं कोणास शंका नाहीं. पण शहाण्याचें काम आहे असें मात्र लोक म्हणत नाहींत. सज्जनपणा आणि शहाणपणा ह्यांची अशी फारकत करणें हेंच घातक, असें त्याचें मत आहे. आम्ही स्केव्होला नव्हों, व वाचकांनींही व्हावें असा आमचा आग्रह नाहीं. परंतु ती गिटार खरोखर मार्टिनची निघाली असती तर आम्हीं काय केलें असतें, हा प्रश्न आम्हीं स्वतःस पुष्कळदां विचारिला आहे. २५,००० मोजून, ती मोटारींत घालून, आम्ही हंसत घरीं आलों असतों. आणि आज हा लेख लिहिण्याऐवजीं आपल्या पारखेच्या गोष्टी मित्रांस सांगत बसलों असतों. पिन कोडानें आमचे पैसे वांचविले हें खरें; पण त्या दिवशीं त्यानें ज्यास पापांतून वांचविलें तो विकणारा नव्हता.

पुढें भाच्यानें सौदा आपल्या हातीं घेतला. गोंदियांतील एका दुकानदारास वाद्य दाखवून त्यानें किंमत विचारिली, आणि ती वृद्ध गृहस्थांस जशीच्या तशी सांगितली. ६,००० रुपयांस गिटार घरीं आली. नव्या तारांवर ती चांगली बोलते. मागील आठवड्यांत त्याच्या एका मित्रानें ती हातांत घेऊन विचारिलें, "ही महायुद्धांतली काय रे?" भाच्यानें कांहीं न बोलतां विजेरी आणिली, आणि त्यास पोटांतील कागद दाखविला.