गडाचे नियम आणि गडाचे शेजारी

प्राचीन वास्तूंचें रक्षण करावें कीं नाहीं, हा प्रश्न आतां फारसा कोणी विचारीत नाहीं. तें करावें, याविषयीं सुशिक्षितांत तरी एकमत आहे. परंतु ज्या गोष्टीविषयीं सर्वांचें एकमत असतें, तिच्या पोटांत एखादा अवघड प्रश्न पुष्कळदां न उकलतां तसाच राहून जातो. आणि येथेंहि तसेंच झालें आहे. रक्षणासाठीं जे नियम करावयाचे ते कोणीं करावे, आणि त्या नियमांपायीं जी झीज सोसावी लागते ती कोणाच्या वांट्यास यावी, हा तो प्रश्न होय. दिसावयास तो कायद्याचा आहे. मुळांत तो नीतीचा आहे.

पुणें जिल्ह्यांतील भोर आणि वेल्हें या डोंगराळ मुलखाला हा प्रश्न आज विशेष लागू पडतो. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर हीं नांवें मराठी मुलाच्या कानांवर मुळाक्षरांच्या पाठोपाठ पडतात. राजगड ही सुमारें पाव शतक शिवाजीमहाराजांची राजधानी होती. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले, तेव्हां जे बारा किल्ले राखले गेले त्यांत राजगड आणि तोरणा हे होते. आणि १६६६ सालीं आग्र्याहून सुटून महाराज परत आले ते राजगडावरच. या गडाच्या मानांत अलीकडे आणखी भर पडली आहे. वेल्हें तालुक्यास राजगडाचें नांव देण्याचें राज्याच्या मंत्रिमंडळानें २०२४ सालीं ठरविलें, आणि जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत समावेश केला, त्यांत राजगडास स्थान मिळालें. याच जिल्ह्यांतील शिवनेरी आणि लोहगड हेहि त्या यादींत आहेत. मात्र ते दोन केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि राजगड राज्याच्या खात्याकडे आहे. कीर्ति एक, परंतु कायदे दोन: एक १९५८ चा केंद्राचा, दुसरा १९६० चा महाराष्ट्राचा. केंद्राच्या कायद्यांत २०१० सालीं झालेल्या दुरुस्तीनें संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध ठरलें, आणि त्यापुढील दोनशें मीटरांत परवानगीवांचून बांधकाम करतां येत नाहीं.

आतां या सर्व व्यवस्थेंत पायथ्याच्या गांवाचें स्थान कोठें आहे तें पाहावें. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानें प्राचीन वास्तूंचा विषय केंद्र आणि राज्य यांच्यांत वांटून दिला आहे. पुढें १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें पंचायतींकडे सोंपवितां येतील असे २९ विषय अकराव्या परिशिष्टांत नमूद झाले. त्यांत ग्रंथालयें आहेत, बाजार आणि जत्रा आहेत, सांस्कृतिक कार्यें आहेत. प्राचीन वास्तूंचें नांव मात्र नाहीं. तरी पण गडाखालच्या घरांची नोंद पंचायतीच्या दप्तरीं होते, वाटेवरचा कचरा तिलाच उचलावा लागतो, आणि आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या कोठें उभ्या करावयाच्या याची विवंचनाहि तिचीच असते. ज्या गांवाच्या शिवेंत गड उभा, त्या गांवाच्या पंचायतीचा गडाशीं संबंध जवळजवळ केरकचऱ्यापुरता उरला आहे. तालुक्याला गडाचें नांव मिळालें. गडाच्या कारभारांत तालुक्याचा शब्द किती, हें कोणीं विचारलें नाहीं.

ही स्थिति योग्यच आहे, असें म्हणणारा एक पक्ष आहे आणि त्याचें म्हणणें आधीं नीट ऐकलें पाहिजे. ज्याच्या दारांत वस्तु असते त्याला तिचें मोल दिसत नाहीं, हा अनुभव जुना आहे. पडक्या तटाचा घडीव दगड शेतकऱ्याला आयता मिळालेला दगड वाटतो. तो त्यानें गोठ्याच्या पायांत घातला तर त्यांत कांहीं पाप झालें असें त्याला वाटत नाहीं. दुसरें असें कीं, पंचायतीचे सभासद गांवच्याच मतांवर निवडून येतात. ज्याचें मत हवें त्यालाच ‘येथें खानावळ बांधूं नको’ असें सांगणें त्यांना जड जातें. आणि तिसरें, सर्वांत बळकट कारण असें कीं, गडाचे वारस केवळ आज जिवंत असलेले लोक नव्हेत. ज्यांनीं तो बांधला ते गेले. ज्यांनीं तो पाहावयाचा त्यांतले पुष्कळ अद्यापि जन्मले नाहींत. या दोघांनाहि मत नाहीं. त्यांच्या वतीनें बोलणारा कोणी तरी तटस्थ, दूरचा आणि खमक्या असला पाहिजे. हा युक्तिवाद हलका नाहीं, आणि पायथ्याच्या लोकांचा कैवार घेण्याच्या भरांत तो उडवून लावणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

परंतु तो जर खरा असेल, तर तो सर्वांनाच लागू पडतो, हें विसरून कसें चालेल? न जन्मलेल्या पिढ्यांच्या हक्कामुळें गुंजवण्याचा किंवा पालचा शेतकरी गडाचा मालक ठरत नसेल, तर त्याच कारणानें सरकारहि मालक ठरत नाहीं, आणि सुटीच्या दिवशीं पुण्यामुंबईहून येणारा गडप्रेमीहि ठरत नाहीं. सगळेच विश्वस्त होत. आणि विश्वस्ताचा पहिला धर्म असा कीं, जें बंधन तो दुसऱ्यावर घालतो त्यांतून त्यानें स्वतःला सोडवूं नये. २०२२ सालीं राजगडावर रज्जुमार्ग नेण्याच्या योजनेसाठीं राज्याच्या पर्यटन संचालनालयानें करार केला, आणि अनेक गडप्रेमींनीं तिला विरोध केला. त्या योजनेचे गुणदोष येथें तोलावयाचे नाहींत. वृद्धांना आणि अपंगांनाहि गड पाहावयास मिळावा, हें तिच्या बाजूचें म्हणणें तुच्छ नव्हे. परंतु डोंगराच्या कुशींतल्या कुटुंबाला घराची पडवी वाढविण्यास मनाई करावयाची, आणि त्याच डोंगरावर लोखंडी खांब रोवण्याचा विचार मात्र लोकहिताच्या नांवाखालीं सुरू ठेवावयाचा, असें झालें तर नियमाचा अर्थ गांवकरी काय लावील? नियम गडासाठीं नसून दुबळ्यासाठीं आहे, असाच तो लावील. आणि त्याला खोटें ठरविणें आपणांस अवघड जाईल.

गड आणि त्याचे शेजारी यांचा संबंध पूर्वीं असा नव्हता. गडाला घेरा असे. घेऱ्यांत ठिकठिकाणीं मेटें असत, आणि तेथें रामोशी, कोळी, महार इत्यादि लोक चौकीपहाऱ्यास नेमलेले असत. वाटा राखणें, रान राखणें, परक्या माणसाची वर्दी देणें हीं त्यांचीं कामें. आणि या कामांसाठीं त्यांच्या पोटापाण्याची तजवीज जमिनींच्या रूपानें केलेली असे. गड त्यांना पोशीत होता आणि ते गडाला राखीत होते. त्या व्यवस्थेंत उच्चनीचता होती, सक्ति होती. ती जशीच्या तशी परत आणावी असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तिच्यांत एक शहाणपण होतें: कर्तव्य आणि भाकर हीं तिनें एकाच माणसाच्या हातीं दिलीं होतीं. १८१८ नंतर गडांचें लष्करी महत्त्व संपलें तसा हा संबंध तुटत गेला. पुढें १९०४ सालीं कर्झनच्या कारकीर्दींत प्राचीन वास्तूंचा कायदा झाला, आणि हळूहळू गड ‘स्मारक’ या सदरांत जमा झाले. या कायद्यानें वास्तूच्या मालकाशीं करार करण्याची वाट ठेविली होती, आणि ती १९५८ च्या कायद्यांतहि आहे. परंतु जो मालक नाहीं, केवळ शेजारी आहे, त्याच्याशीं कायद्याचा संबंध येतो तो मुख्यतः निषेधाच्या रूपानें. ‘खणूं नये, बांधूं नये, तोडूं नये’ एवढेंच त्याच्या कानीं येतें. कर्तव्य राहिलें, भाकर गेली.

राजसत्तेची गरज आणि रयतेची झीज यांचा मेळ कसा घालावा, याचा विचार आपल्याकडे झालाच नव्हता असें नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभींचें. आरमारासाठीं लाकूड हवें, आणि आंबा-फणसाचें लाकूड त्या कामीं उपयोगी. तरी रयतेच्या त्या झाडांस हात लावूं नये, कारण तीं एकदोन वर्षांत होत नाहींत, लोकांनीं तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, असें त्यांत बजाविलें आहे. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तें तोडावें. राज्याच्या रक्षणाइतकें मोठें कारण असतांहि बळजबरी नको, संमति आणि मोबदला हवा, हा त्यांतला आशय आहे. स्मारकाच्या रक्षणाचें कारण कितीहि थोर मानलें, तरी तें राज्याच्या रक्षणाहून थोर खास नव्हे.

भोर-वेल्ह्याच्या लोकांना त्यागाची सवय नाहीं असेंहि नाहीं. १९२८ च्या सुमारास भाटघरचें धरण पुरें झालें. त्याच्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांकांठचा मुलूख पिकतो. पानशेतच्या पाण्यावर पुणें शहर जगतें. वरच्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या आणि खालच्यांचीं शेतें नि नळ भरले. ‘सार्वजनिक हित’ या शब्दांचा अर्थ या मुलखानें असा आपल्या जमिनीवर अनुभवलेला आहे. आतां त्याच शब्दांनीं उरल्या सुरल्या जागेवर बंधनें येऊं लागलीं, तर तो मनुष्य साशंक झाला म्हणून त्याला अडाणी म्हणणें बरें नव्हे. दूर कर्नाटकांत हंपी येथें विरूपाक्षाच्या देवळासमोरील जुन्या बाजारांत अनेक वर्षें राहिलेल्या कुटुंबांचीं घरें आणि दुकानें २०११ सालीं वारशाच्या रक्षणासाठीं पाडलीं गेलीं. तेथील दगडी मंडपांचें हित त्यांत असेलहि. परंतु ज्यांचा संसार उठला, त्यांच्या मुलांनीं त्या मंडपांकडे कोणत्या भावनेनें पाहावें?

मग नियम नकोतच काय? तसें नाहीं. तट, बुरूज, माच्या, टाकीं, दरवाजे यांविषयीं कोणाशींहि तडजोड असूं नये. तेथें पंचायतीचें मत, मंत्र्याची इच्छा आणि पाहुण्यांची सोय या तिन्हींना सारखीच मनाई असावी. त्या मर्यादेच्या बाहेर मात्र तीन कसोट्या लावाव्या. नियम करणारा स्वतः त्या नियमानें बांधला जातो काय, ही पहिली. ज्याच्यावर नियम घालावयाचा त्याला त्याच्या भाषेंत, त्याच्या ग्रामसभेंत, तो कां घातला हें आधीं सांगितलें आहे काय, ही दुसरी. आणि ज्याचें नुकसान होतें त्याची भरपाई ज्यांना लाभ होतो त्यांच्याकडून होते काय, ही तिसरी. गड पाहावयास येणारानें दिलेल्या पैशांतला ठराविक भाग पायथ्याच्या गांवाला हक्कानें मिळावा. गडाचे राखणदार त्याच गांवचे असावे. बाहेरच्या पट्ट्यांत घर कसें, केवढें, कोणत्या सामानाचें बांधावें, याचे नियम खात्याच्या सल्ल्यानें पंचायतीनेंच करावे. यांत दया कोठेंच नाहीं. हा साधा हिशेब आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं, पैशानें गडाविषयींची भक्ति निर्माण होत नाहीं. उलट पैसा दिसला कीं गांव गडाचा बाजार मांडील. हें भय खोटें नाहीं. परंतु बाजार आजहि मांडला जातच आहे. फरक इतकाच कीं, त्यांत जमीन विकून गांवकरी पुष्कळदां बाहेर पडतो आणि बाहेरचा मनुष्य आंत येतो. भक्ति विकत मिळत नाहीं हें खरें. तशीच ती दंडानेंहि उत्पन्न होत नाहीं. जी वस्तु आपल्या हातीं विश्वासानें सोंपविली गेली तिच्याविषयीं मनुष्याला जी आस्था वाटते, ती जिच्यापासून त्याला दूर राहावयास सांगितलें तिच्याविषयीं वाटत नाहीं. कायद्याची किंमत यामुळें कमी होत नाहीं. परंतु कायदा दररोज गड चढत नाहीं, गुराखी चढतो.

इतकें करूनहि असे प्रसंग येतील कीं, गांवाला स्पष्टपणें ‘नाहीं’ म्हणावें लागेल. एखाद्याचें दुकान, एखाद्याची वाढीव खोली थांबवावी लागेल, आणि तो मनुष्य दुखावला जाईल. न्याय्य नियमहि कोणाला तरी कष्ट देतोच. मात्र तो नकार आपल्याच ग्रामसभेंत, आपल्याच माणसांनीं, सर्वांना सारख्या लागू असलेल्या नियमानें दिलेला असला, तर त्या मनुष्याला दुसऱ्या दिवशीं त्या सभेंत बसून आपलें म्हणणें पुन्हां मांडतां येतें. दूरच्या कचेरींतून आलेल्या कागदाशीं त्याला असें बोलतां येत नाहीं. राजगडाचे दगड आणखी तीनशें वर्षें उभे राहावे अशी आपली इच्छा असेल, तर पायथ्याच्या माणसाला हें बोलण्याचें स्थान दिल्यावांचून ती पुरी होईल असें वाटत नाहीं.