एकट्यानेच शील सांभाळावे काय?



आपण विहारात त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्या घरात जेव्हा बाटली शिरते, तेव्हा त्या घराला दुहेरी दुःख भोगावे लागते. एक दारूचे आणि दुसरे शरमेचे. शेजारी विचारतील म्हणून बायको खोटे बोलते. ‘बौद्ध झाला आणि तरी पितो’ हे ऐकावे लागेल म्हणून तो स्वतः विहारात येणे सोडतो. म्हणून आज एक प्रश्न सरळ विचारू या. शील मोडलेल्या माणसाने ते पुन्हा सावरायचे ते एकट्याने, की इतरांच्या सोबतीने?

आपल्यातील पुष्कळजण म्हणतील, एकट्याने. तथागतांनी स्वयंदीप व्हायला सांगितले. मग दुसऱ्याचा आधार कशाला? हा युक्तिवाद धम्माचा वाटतो, पण तो अपुरा आहे. संयुत्त निकायात आनंद तथागतांना म्हणतो की, कल्याणमित्रांची सोबत म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवनच होय. तथागत त्याला थांबवतात आणि सांगतात, अर्धे नव्हे, संपूर्ण. वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. आपल्या हातून काही दोष घडलेला दिसला असेल तर तो सांगा, अशी सोबत्यांना विनंती करतात. दोष सोबत्यांपुढे उघड करणे ही संघाची जुनी रीत आहे. त्यात कमीपणा कसला?

दुसरे असे की, पंचशीलातील प्रत्येक शील हे शिक्षापद आहे. ती ईश्वराची आज्ञा नव्हे, की मोडली म्हणजे माणूस कायमचा पापी ठरला. शिकायची गोष्ट म्हणूनच ती पुन्हा पुन्हा ग्रहण करायची असते. याचा अर्थ मोडायला मुभा आहे असा नव्हे. परत यायला वाट आहे, असा आहे.

त्या वाटेवर सोबत देणाऱ्या सभा आज आहेत. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांना भेटले. आपले दुःख एकमेकांना सांगत दोघे दारूपासून दूर राहिले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजेच ए. ए., उभी राहिली. मुंबई, पुणे, नागपूर येथेही तिच्या सभा भरतात. फी नाही. अट एकच, पिणे सोडण्याची इच्छा. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असे नाही. मागे बसून ऐकले तरी चालते. तेथे आडनाव सांगावे लागत नाही, नुसते नाव पुरते. आडनावावरून जात ताडणाऱ्या आपल्या समाजात हे लहानसे वाटते काय?

आता आपली खरी अडचण. या सभेच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, आणि कित्येकदा सभा चर्चच्या खोलीत भरते. ईश्वर न मानणाऱ्याने तेथे बसावे काय? बसावे. ए. ए. कोणत्याही धर्माची वा पंथाची शाखा नाही. ईश्वर ज्याला जसा समजेल तसा, असेच त्या पायऱ्यांत म्हटले आहे, आणि कित्येक सभासद त्या जागी जमलेल्या गटाचीच शक्ती मानतात. आपण तिला कल्याणमित्रांची शक्ती म्हणावे. प्रार्थना झाली तर शांत बसावे. ‘दारूपुढे माझे चालत नाही’ ही पहिली पायरी म्हणजे दुःख आहे हे मान्य करणेच होय. अमेरिकेत तर चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग यांवर आधारलेल्या ‘रिकव्हरी धर्मा’ या सभाही २०१९ पासून चालतात.

मात्र सभा हे औषध नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय कापतात, झटके येऊ शकतात, भ्रम होतो. कधी जीवही जातो. त्याने आधी डॉक्टरला दाखवावे. पुण्याच्या मुक्तांगण केंद्रात १९८६ पासून उपचार होतात. सरकारच्या १४४४६ या क्रमांकावर फुकट विचारणा करता येते. जवळची सभा व केंद्र कोठे आहे तेही विचारावे. एक सभा रुचली नाही तर दुसरीत जावे.

भगिनींनो, तुमच्यासाठीही सोबत आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ या सभा आहेत. त्याने सोडेपर्यंत तुम्ही थांबायचे कारण नाही. तुम्ही आधी जावे.

आणि विहाराच्या कार्यकर्त्यांनो, पिणाऱ्याचे नाव चारचौघांत घेऊन त्याला लाजवू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ विहाराची खोली अशा सभेला द्या, दाराशी कोण आला याची चौकशी करू नका. तो पुन्हा पडला तर पुन्हा बोलवा. ज्या विहारात पडलेल्याला परत येता येत नाही, तेथे पंचशीलाचे शब्द राहतील, मैत्री राहणार नाही.

जय भीम!