शेवटचा मालक कोण?

शस्त्रांच्या निर्यातीवर सरकारचा ताबा चालतो तो परवान्यातून, आणि परवान्याचा सगळा भार असतो एका कागदावर. त्याला अंतिम वापरकर्त्याचा दाखला म्हणतात. माल कोणत्या सैन्यासाठी घेतला आहे आणि विकणाऱ्या देशाच्या संमतीवाचून तो तिसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाही, असे खरेदीदार सरकार त्यावर लिहून देते. खाली सही आणि शिक्का. माल बंदरातून सुटला की पुढची तीस-चाळीस वर्षे तोफ कुठे राहील, हे या वचनावर ठरते.

स्वीडनमध्ये शस्त्रनिर्यातीला कायद्याने मुळातच बंदी आहे. परवानगी हा अपवाद. तरीही बोफोर्स कंपनीची रोबोट ७० ही विमानविरोधी क्षेपणास्त्रे सिंगापूरच्या नावावर निघून दुबई आणि बहारीनला पोचली. इंग्वार ब्रात या कंपनीतल्याच अभियंत्याने माहिती बाहेर दिली, म्हणून १९८४ साली हे उघड झाले. आपल्याकडे बोफोर्स म्हटले की दलालीच आठवते. स्वीडनमध्ये त्याआधीच हे दुसरे प्रकरण गाजत होते.

कागद किती पातळ असतो, हे भारतानेही पाहिले आहे. १७ डिसेंबर १९९५च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यावर एका अँतोनोव्ह-२६ विमानातून पॅराशूटने शस्त्रे टाकण्यात आली. सकाळी गावकऱ्यांना शिवारात विखुरलेल्या एके-४७ रायफली आणि काडतुसे दिसली. माल बल्गेरियातून निघालेला. दाखल्यावर नाव बांगलादेशचे. काही दिवसांनी तेच विमान पुन्हा भारतीय आकाशात शिरले, तेव्हा हवाई दलाने ते मुंबईत उतरवायला लावले. शस्त्र बनवायला कारखाना लागतो; दाखल्यासाठी एक रबरी शिक्का पुरतो.

दाखला अक्षरशः पाळायचा ठरवला तर काय होते, ते २०२२मध्ये दिसले. युक्रेनला द्यायच्या गेपार्ड विमानविरोधी रणगाड्यांसाठी जर्मनीला आपल्याकडचे स्विस बनावटीचे ३५ मिलिमीटरचे सुमारे १२,४०० गोळे पुढे पाठवायचे होते. स्वित्झर्लंडने तटस्थतेचा आणि आपल्या युद्धसामग्री कायद्याचा आधार घेऊन नकार दिला. आक्रमण झालेल्या देशाला शहरे वाचवण्यासाठीही गोळे मिळू नयेत, ही टीका बोचरी होती. पण सवलत एकाला दिली की दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाकारायची, हा प्रश्नही खोटा नव्हता. शेवटी ऱ्हाइनमेटाल कंपनीने जर्मनीतच ते गोळे बनवायला घेतले. कडक विक्रेत्याचे गिऱ्हाईक असे दुसरीकडे जाते, आणि निर्बंध ढिले पडतात ते बहुधा याच धास्तीने.

भारत दीर्घकाळ या व्यवहारात अटी ऐकून घेणारा पक्ष होता. २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार करार मंजूर झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. करार विकणाऱ्यांच्या बाजूने झुकलेला आहे, असा त्याचा आक्षेप होता. आता भारताची संरक्षण निर्यात २०१३-१४मधील ६८६ कोटी रुपयांवरून २०२४-२५मध्ये २३,६२२ कोटींवर गेली आहे. दाखले मागण्याची पाळी दिल्लीवर आली आहे. भारतीय तोफगोळे युरोपातल्या खरेदीदारांमार्फत युक्रेनला गेल्याची बातमी २०२४मध्ये आली, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली आणि भारताने कोणताही नियम मोडलेला नाही, असे सांगितले.

पण इथे नियम पाळल्याने तिथे गोळा कोठारातच आहे, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी कुणीतरी जाऊन मोजावे लागते. जर्मनीने २०१५पासून ही पद्धत सुरू केली: विकलेल्या बंदुका खरेदीदाराच्या शस्त्रागारात आहेत का, हे क्रमांक ताडून पाहायचे. अशा तपासणीसाठी जर्मन अधिकारी २०१७ साली भारतातही येऊन गेले. गोळ्यांच्या बाबतीत ही मोजणी अवघड, कारण ते वापरून संपतात आणि रिकामे कोठार काहीच सांगत नाही.